चक्कीचा सोमवार

सोमवार, ७ एप्रिल २०२५

पियुष,

त्या सोमवारी नळ नऊ दिवसांनी आला होता. अंगण झाडून तसंच कोरडं ठेवलं होतं, कारण सड्यापुरतंही पाणी घरात नव्हतं. साडेसातला तोटीतून आधी हवा सुटली, मग गढूळ पाणी आलं, मग चांगलं. मी पिण्याचे गुंड भरले, मग ड्रम, मग बादल्या, मग पातेली. नळ जाईपर्यंत माणसाला दुसरं काही सुचत नाही. मग नऊ दिवसांचे कपडे काढून मागच्या दगडावर बसले. त्यात तुझ्या दोन पँटी होत्या, बाबांचे पिठानं कडक झालेले बनियन होते, चादरी होत्या, आणि असंच काहीबाही. दहाच्या सुमारास उठून मागच्या दारानं बाबांना चक्कीत चहा दिला. ते पट्टा चढवत होते. "आज दगडानं लय वेळ खाल्ला," म्हणाले. शेवटचा घोट नेहमीसारखा जमिनीवर टाकून कप परत दिला. मी पुन्हा धुण्यावर येऊन बसले.

पुढचं तुला माहीत आहे.

सहा वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही. तुझा फोन सगळ्यांना लागतो, माझ्या नंबरावरून लागत नाही. म्हणून हे पोस्टानं पाठवते. पत्ता सुरभीनं दिला. तिच्यावर रागावू नको. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली आणि सुनेचा आवाज मी परवा पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "आई, मार्चमध्ये यायनं एक बी सुट्टी घेतली नाही. रविवारी दुसऱ्याची ड्युटी मागून घेतेत. सोमवारी तं दोन पाळ्या करतेत." मग म्हणाली, "तुम्ही सांगून पाहा." मी हो म्हटलं. माझं तू ऐकणार नाहीस, हे तिला कसं सांगू?

राजूरच्या कोळशाच्या रस्त्यावर टिप्पर चालवणं म्हणजे काय ते मी पाहिलेलं नाही. पण झोप न झालेला माणूस मी पाहिला आहे. आरशात रोज दिसतो. मीही चक्की सातही दिवस चालवते. बाबांची तेरवी झाली आणि त्याच्या पुढच्या सोमवारीच मी चक्की उघडली होती. लोक म्हणाले, बाईला पोटाची पडली. तसं नव्हतं. बंद चक्कीजवळ मला बसवत नाही.

तू आठवड्यातून एक दिवस गाडी उभी कर. कोणताही वार चालेल. एवढंच लिहायचं होतं.

तुझी आई


रविवार, २० एप्रिल

पियुष,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

सुरभीचा पुन्हा फोन आला. तिनं विचारलं, "आई, सोमवारीच काहून करतेत दोन पाळ्या?" म्हणजे तू तिला काहीच सांगितलेलं नाहीस. फोनवर माझ्याच्यानं सांगणं झालं नाही. इथं लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, तिला वाचायला दे.

सुरभी, तुझ्या आजेसासऱ्यांकडे शेवटपर्यंत एक बैलजोडी होती. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत. पेरणी अडो, काही होवो, सोमवार बैलाचा. पुढे त्यांचे पाय गेले, शेत भावाकडे गेलं आणि तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे विठ्ठलरावांनी, घरालगतच्या खोलीत पिठाची चक्की टाकली. बैल गेले, पण सोमवार त्यांनी ठेवला. शेवटच्या बैलाची लाल झूल होती, तिचा हातभर तुकडा कापून घेतला. दर रविवारी शेवटचं दळण झालं की तो मेन स्विचच्या दांड्याला बांधायचा आणि मंगळवारी सकाळी उदबत्ती लावून सोडायचा. फडकं बांधलेलं असलं की दांड्याला कोणी हात लावायचा नाही. गावातली लेकरंसुद्धा ते जाणून होती.

नुसती देवभक्ती नव्हती ती. त्याच दिवशी ते चक्कीच्या आत उतरायचे. दगड उचलून त्याला टाकी लावायचे. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, त्याला छिन्नीनं पुन्हा टोचे मारावे लागतात. पुली पुसायचे, पट्टा पाहायचे. दांड्याला फडकं असलं की पत्र्याच्या आडोशामागं निवांत हात घालायचे. नऊपर्यंत हे उरकलं की दिवसभर ओट्यावर बसायचे. मला म्हणायचे, "इंदू, तू बी बस." मी म्हणायची, "मी बसली तं तुम्हाले भाकर कोन देईन?" सोमवार चक्कीला होता, त्यांना होता. मला नव्हता, आणि मी तो कधी मागितलाही नाही.

मी शाळेत गेलेली नाही. वाचायला शिकले ती त्यांच्या खडूच्या अक्षरांवरून. दळणाच्या डब्यांवर ते लिहून ठेवायचे, "रुक्मा, गहू, बारीक", "रामधन, ज्वारी". डबा कोणाचा ते मला माहीत असायचं, म्हणून अक्षर ओळखू यायचं. पुढे पंचायतीच्या वाचनालयातलं कपाट मी दोनदा संपवलं. हे तुला यासाठी सांगते की पोलिसांचा पंचनामाही मी स्वतः वाचला आहे. त्यात एक ओळ आहे. मेन स्विचच्या दांड्यास लाल रंगाचे फडके बांधलेले दिसून आले.

पियुष, आता हे तुला.

तेव्हा तू चोवीसचा होतास. घरोघरी कपाटासारख्या छोट्या चक्क्या यायला लागल्या होत्या आणि तू बाबांच्या मागं लागला होतास, सोमवारी चालू ठेवा म्हणून. "बाबा, मशीनले कायचा सोमवार?" ते म्हणायचे, "बैलाले असते, मशीनले काहून नसावा? तुले बी असावा." महिनाभर तुमचं हेच चाललं होतं. साऱ्या गावानं ते ऐकलं होतं. म्हणून तो प्रकार झाल्यावर कोणाला विचार करावा लागला नाही. रुक्माबाईच्या पोरीला पाहायला पाहुणे येणार होते, घरात पीठ नव्हतं, ती गव्हाचा डबा घेऊन आली. तू तेवढ्यात कळंबहून आला होतास. बाबा नेहमीसारखे नऊलाच मोकळे झाले असतील असं तू धरलंस आणि दांडा वर केलास. बाबा पत्र्यामागं होते. तीस वर्षं चक्कीत काढलेल्या माणसाला तुमचं बोलणं ऐकू आलं नाही. त्यांच्या गळ्यातला दुपट्टा आधी पट्ट्यात गेला. यवतमाळ येईपर्यंत ते उरले नाहीत.

गाव म्हणालं, पोरानं जिद्दीनं सोमवार मोडला. फडकं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तू म्हणत राहिलास, फडकं नव्हतं. दहाव्याला नदीवरून आल्यावर तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "आई, तू सांग न. होतं काय फडकं?"

मी म्हटलं, "मी पाह्यलं नाही."

कपडे धुताना माणसाची मान खाली असते. ते उत्तर मी तेवढ्यापुरतं दिलं होतं. तू माझ्याकडे पाहत राहिलास. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुझी बॅग कोपऱ्यात नव्हती.

आज एवढंच. दळणं पडली आहेत.

आई


शुक्रवार, २ मे

पियुष,

फोनवर सुरभी रडत होती म्हणून पहिल्यांदा काही कळलं नाही. टिप्पर रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात घुसला, तू वाचलास, एवढं मग कळलं. ती म्हणाली, तुझा डोळा लागला होता. आणि म्हणाली, दुसऱ्या दिवशी तू पुन्हा कामावर गेलास. ढीग होता म्हणून निभावलं. ढिगाच्या दहा फूट पुढे नाला आहे, हेही तिनं सांगितलं.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी तीन दिवस मनात फिरवते आहे. "झोपीत बोलतेत, आई. होतं काय, होतं काय, असंच म्हणतेत. काय होतं आई? मी विचारलं तं उठून बाहेर जातेत."

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावला आहेस. राग मला झेपत होता. तुला आता तुझ्याच डोळ्यांचा भरवसा उरलेला नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा नासिरभाई आले होते. कळंबचे मोटर दुरुस्तीवाले, तुझे नासिरचाचा. दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. हातात पेढ्यांचा पुडा होता. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "भाभी, हजले चाललो. सोळा तारखेले नागपूरहून विमान आहे. निघायच्या आधी सगळ्यायच्या दारी जाऊन माफी मागा लागते. काही बोललो-चाललो असन तं माफ करा."

मी म्हटलं, "तुमचं काय माफ करू नासिरभाई? मोटर जळली की बोलावल्यावर येता, आणि शुक्रवारी बोलावलं तर येत नाही. तेवढाच तुमचा गुन्हा."

ते हसले. "शुक्रवार सोडला तं माहा मालक नाराज होते." मग हसणं थांबलं. "बोललो त्याचं नाही भाभी. नाही बोललो त्याचं मागाले आलो."

मी चक्की बंद केली नाही. आवाज असू दिला. ते जरा पुढं सरकले.

"त्या दिवशी म्या पट्टा कापला. कापायच्या आधी मेन स्विच पाहाले गेलतो, कोनी पुन्हा चालू करू नाही म्हणून. दांड्याले हात लावला." त्यांनी स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं. "फडकं ओलं होतं."

मी म्हटलं, "घाम असेल तुमच्या हाताचा."

"भाभी, मे महिना होता. पिळलेलं फडकं होतं ते. साबनाचा वास येत होता."

"मग पोलिसांना का नाही सांगितलं?"

"तुमच्याकडं पाह्यलं. वाटलं, एक मानूस तं गेला, आता घर बी काहून मोडा? वाटलं, माय आहे, उद्या-परवा सांगनच. तुम्ही काही सांगितलं नाही. पोरगा गेला. मंग मले तोंड उघडता आलं नाही." त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं सरकवला. "हे ओझं घेऊन मले तिथं उभं राहता येत नाही. मी कोनाले सांगनार नाही. सांगायचं तुमचं आहे. पन सोळाच्या आधी सांगा. मी इथं असतानी."

मी त्यांना पेढ्याचा पुडा परत दिला. म्हटलं, "तुम्ही तुमचं पुण्य कमवायला निघालात आणि माझं घर त्यात घालता." असं मी म्हटलं. त्यांनी पुडा ओट्यावरच ठेवला आणि सायकलवर बसून गेले.

हे वाचून तुला जे वाटतं आहे, ते बरोबर आहे. पण आज मला पुढं लिहिता येत नाही.

आई


गुरुवार, ८ मे

पियुष,

सुरभी म्हणाली, तू माझी पत्रं उघडलेली नाहीस. तिन्ही पाकिटं टिप्परच्या काचेवरच्या फळीत खोचून ठेवली आहेत. फाडून फेकलीही नाहीत. मला आधी वाईट वाटलं, मग हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. न उघडणाऱ्या माणसाला सगळं लिहिणं सोपं असतं.

तरी लिहिते. एकदा लिहून पाहिल्याशिवाय मला बोलता येणार नाही.

फडकं नव्हतं. तुझे डोळे बरोबर होते.

मी ते सोडलं होतं. एरवी मी ते मंगळवारी धूत असे, बाबांनी सोडल्यावर आणि चक्की सुरू होण्याआधी. पण त्या मंगळवारी पाणी असणार नव्हतं. नऊ दिवसांनी नळ आला होता, पुन्हा कधी येईल ठाऊक नव्हतं. फडक्यावर पिठाचा थर बसला होता. मी आत डोकावले. हे पत्र्यामागं दगडाशी खटपट करत होते. मला वाटलं, हेच आत आहेत, दांड्याला हात लावतो कोण? मेच्या उन्हात हातभर कापड पाव तासात वाळतं. वाळलं की बांधू. त्यांना सांगितलंसुद्धा नाही. चहा दिला तेव्हा सांगता आलं असतं. फडकं तेव्हा बादलीत भिजत होतं आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

मग धुतलं, पिळलं, समोरच्या दोरीवर टाकलं आणि चादरी घ्यायला मागं गेले. चादरी पिळत असताना चक्कीचा आवाज आला.

तू दांडा लगेच खाली ओढलास. मी मागच्या दारातून आत आले तेव्हा तू त्यांना धरून होतास आणि ओरडलास, "आई, नासिरचाचाले बोलाव!" ते त्या दिवशी समोरच्या गल्लीत पंपाची मोटर बांधत होते. मी पुढच्या अंगणात आले. दोरीवर फडकं होतं. मी ते ओढलं, परत आत गेले आणि तुझी पाठ असताना दांड्याला बांधलं. दोन गाठी मारल्या. मग नासिरभाईंना बोलवायला धावले.

का बांधलं, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारते. कोणाला फसवायचं असं तेव्हा डोक्यात नव्हतं. जिथली वस्तू तिथं ठेवली की झालेलं मागं फिरेल, असं काहीतरी होतं. बाई घर आवरते तसं मी आवरलं. पण त्या दोन गाठींना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ त्यांच्याजवळ कमी झाला. डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. मी त्यांना गाठींचं सांगितलेलं नव्हतं.

आणि तू दांड्याजवळ गेलास, फडकं नाही असं पाहिलंस, आणि तुला काय वाटलं असेल तेही मला माहीत आहे. महिनाभर तू भांडत होतास. तुला वाटलं, बाबांनी शेवटी आपलं ऐकलं. तू खुशीत दांडा वर केलास. रुक्माबाईनं ठाण्यात सांगितलं होतं, "पोरगा हसत होता." लोकांनी त्याचा दुसराच अर्थ घेतला. मी घेऊ दिला.

दहाव्याला तू विचारलंस तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर तू घरात असतास. मला तेव्हा तू जाशील याची भीती नव्हती. लोक माझ्याकडं कसं पाहतील याची होती.

तू झोपेत विचारतोस ना, होतं काय? नव्हतं.

हे पत्र मी टाकते आहे. पण पत्र पुन्हा त्या फळीत जाईल. गावानं तुला दोषी धरलं ते पत्रातून धरलं नव्हतं. चक्कीच्या ओट्यावर, रांगेत उभं राहून धरलं होतं.

आई


मंगळवार, १३ मे

पियुष,

हे तू उघडलं नाहीस तरी चालेल. कारण परवापासून गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि गोविंदानं ते फोनवर रेकॉर्ड केलं आहे. मी त्याला म्हटलं, राजूरला पाठव. सुरभीला मिळालं, असं तिनं कळवलं. तू पाहिलंस की नाही ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शनिवारी मी कळंबला नासिरभाईंच्या दुकानात गेले. ते मोटर उघडून बसले होते. मी म्हटलं, "उद्या संध्याकाळी पाचला या." त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "येतो." दुसरं काही नाही.

रविवारी लग्नाच्या घरांची दळणं होती. ओट्यावर पंधरा-वीस माणसं. चक्की चालू असली की सगळे ओरडून बोलतात, तुला माहीत आहे. रामधनबुवा हनुवटीखाली काठी धरून बसले होते. रुक्माबाई गव्हाचा डबा घेऊन रांगेत होती. मला म्हणत होती, "बारीक काढजो वो इंदूबाई. मागच्या वक्ती अर्धा रवाच देला तू. जावई म्हणे, शिरा करता का पोया?" बाया हसत होत्या. नासिरभाई सायकल टेकवून बाहेर उभे राहिले.

मी दांडा खाली ओढला. चक्की थांबली तरी लोक क्षणभर ओरडतच होते. मग त्यांना आपलाच आवाज मोठा वाटला आणि ते गप्प झाले.

गोविंदा म्हणाला, "लाइन गेली काय काकू?"

मी म्हटलं, "नाही. मी बंद केली. मले एक सांगायचं आहे." पाठ केलेलं सगळं गेलं. जे होतं ते सांगितलं. "माह्या पियुषनं सोमवार मोडला नाही. त्या दिवशी दांड्याले फडकं नव्हतं. म्या ते धुवाले सोडलं होतं. हे आत असतानी. पोराच्या हातून झाल्यावर म्या ते ओलंच आणून बांधलं. मंग तुम्ही त्याले बोलले आन म्या ऐकत बसली."

मग रुक्माबाई म्हणाली, "असं कसं म्हणतं वो? म्या सोता पाह्यलं होतं. ठाण्यात शपथ घेतली म्या."

"तू नंतर पाह्यलं, रुक्मा. लोक जमल्यावर."

"नाही, म्या..." ती थांबली. तिनं दांड्याकडं पाहिलं, मग दाराकडं. त्या दिवशी ती कुठं उभी होती ते ती डोळ्यांनी मोजत होती. "म्या तं डबा ठेवून बाहेर आलती," ती म्हणाली. "बाहेरच होती म्या." आणि खाली पोत्यावर बसली. "मंग सहा वर्षं म्या त्या पोराले काय काय बोलली."

नासिरभाई दारातून म्हणाले, "फडकं ओलं होतं. म्या हात लावला होता. मी बी बोललो नाही."

मागून कोणीतरी बाई म्हणाली, "अशी माय देवानं कोनाले देऊ नाही." मी आवाज ओळखला. नाव लिहीत नाही. तिचं खरं आहे.

गोविंदा म्हणाला, "पन काकू, आता सांगून काय फायदा? झालं ते झालं."

रामधनबुवांनी काठी आपटली. "ते फायदा पाहाले उभी नाही बे. गप ऐक."

मी म्हटलं, "ठाण्यात लिहून द्या लागलं तं तेही देईन. तुमच्यापैकी ज्याले चक्की बदलायची असन त्यानं बदला. पन माह्या पोराचं नाव घेऊ नका."

दोन जण डबे उचलून निघून गेले. बाकीचे तिथंच होते. थोड्या वेळानं एका बाईनं हळूच विचारलं, "माहे गहू अर्धे दळले न वो. तेवढं काढून देतं काय? घरी पीठ नाही." कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी दांडा वर केला. एकेक करून सगळ्यांची दळणं काढली. रुक्माबाईचं शेवटी काढलं. बारीक काढलं. डबा उचलताना ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "पियुषचा नंबर दे मले. मले त्याच्याशी बोला लागते." मी दिला. ती फोन करेल. उचलायचा की नाही ते तू ठरव.

जाताना नासिरभाई म्हणाले, "भाभी, आता माफ केलं म्हना."

मी म्हटलं, "तुमचे पेढे अजून ओट्यावरच्या कोनाड्यात आहेत. मुंग्यांनी खाल्ले."

"मुंग्याईले बी गोड पाहिजे," असं म्हणाले आणि गेले.

शेवटचा माणूस ओटा उतरत होता, त्याला मी सांगितलं, उद्या चक्की बंद. तो म्हणाला, "उद्या काय आहे?" मी म्हटलं, "सोमवार आहे." तो मान हलवून गेला.

फडकं सहा वर्षं मी कपाटात, बाबांच्या दुपट्ट्याच्या घडीखाली ठेवलं होतं. पोलिसांनी परत दिलं तेव्हापासून ते तसंच होतं. रविवारी संध्याकाळी काढलं. त्याला पाणी लावायची मला भीती वाटत होती, म्हणून तसंच मळकं दांड्याला बांधायला गेले आणि हात थांबला. असं बांधायचं नव्हतं.

तू ये असं मी म्हणत नाही. म्हणायचा हक्क मला नाही. सुरभीला त्रास देऊ नको, आणि एक दिवस गाडी उभी कर. तू कोणाचं काही देणं लागत नाहीस. बाबांचंही नाही. त्यांचं शेवटचं बोलणं तुला माहीत नाही, कारण गाडीत मीच त्यांच्या उशाशी होते. त्यांनी विचारलं, "पोराले लागलं काय?" मी म्हटलं, नाही. त्यांनी डोळे मिटले. हेही मी तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

काल, सोमवारी, नळ आला नव्हता. पिण्याच्या गुंडातलं दोन तांबे पाणी काढलं आणि फडकं धुतलं. समोरच्या दोरीवर वाळत घातलं. मग चक्कीत स्टूल टाकून, दांड्यावर हात ठेवून, ते वाळेपर्यंत बसून राहिले. वाळल्यावर बांधलं. रविवारची भाकर होती, ती खाल्ली. मग ओट्यावर येऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत काहीच केलं नाही.

आई